जपानास प्रथमच जाणाऱ्या वडीलधाऱ्यांस

मुलगा अथवा मुलगी परदेशीं नोकरीस आहे, असें घर आतां विरळा राहिलें नाहीं. आणि मुलांमागून आईबापही साठी उलटल्यावर प्रथमच समुद्रापार जाऊं लागले आहेत. तोकियोच्या निशि-कासाइ भागांत तर भारतीय कुटुंबांची मोठी वस्ती आहे. म्हणून या खेपेस जपानास निघालेल्या वाचकांस उपयोगी पडतील अशा कांहीं गोष्टी सांगण्याचें योजिलें आहे.

पहिली गोष्ट आहाराची. 'मी मांस खात नाहीं' एवढें सांगून तेथें भागत नाहीं. मांस तें 'निकु' आणि मासा तो 'साकाना', असा त्यांच्या भाषेंत भेद आहे. शिवाय रस्सेदार पदार्थांस आधारभूत असें जें 'दाशि' नांवाचें पाणी, तें पुष्कळदां वाळविलेल्या माशाच्या किसापासून काढलेलें असतें. वाडग्यांत शेवया व भाजीच तेवढी दिसते. मासा दिसत नाहीं. यास्तव मिसोचें सार, उदोन, सोबा इत्यादि पदार्थ विचारल्यावांचून तोंडीं लावूं नयेत. आपणांस काय वर्ज्य आहे तें जपानी लिपींत मुलाकडून लिहवून घ्यावें आणि तो कागद जेवणापूर्वींच दाखवावा. पान वाढून झाल्यावर नाकारणें हें कोणत्याही देशांत यजमानास क्लेशदायकच होय.

निर्धास्त जेवावयाचें असल्यास कोया पर्वतावर जावें. कूकाइ नामक आचार्यांनीं इ. स. ८१६ मध्यें स्थापिलेल्या या क्षेत्रांतील मठांत उतरण्याची सोय असून तेथें 'शोजिन' नामक सात्त्विक भोजन मिळतें. त्यांत मासा नाहीं, मांस नाहीं, आणि कांदालसूणही नाहीं! तेथील स्मशानवाटिकेंत पंचमहाभूतांचीं संस्कृत बीजाक्षरें सिद्धम् लिपींत दगडांवर कोरलेलीं आढळतात. तीं पाहून संस्कृतज्ञास परकेपणा वाटणार नाहीं.

दुसरी गोष्ट सामानाची. ताजीं फळें, भाज्या, कढीलिंब हीं तपासणीच्या प्रमाणपत्राशिवाय नेतां येत नाहींत. विजेचा दाब तेथें १०० व्होल्ट आहे. आपला २३० व्होल्टांचा मिक्सर त्यावर नीट चालणार नाहीं, म्हणून गृहिणींनीं तो उचलून नेण्याचे श्रम घेऊं नयेत. औषधांची काळजी मात्र अवश्य घ्यावी. सर्दीच्या कांहीं गोळ्यांत असणारें स्यूडोएफेड्रिन हें द्रव्य १० टक्क्यांहून अधिक असल्यास तें औषध तेथें निषिद्ध आहे. कोडीनवरही निर्बंध आहेत. डॉक्टरांनीं दिलेलीं नित्याचीं औषधें सामान्यतः एक महिन्यापुरतीं नेतां येतात; अधिक मुक्काम असेल तर आगाऊ परवानगी काढावी. डॉक्टरांची चिठ्ठी जवळ असावी. पासपोर्ट तर घराबाहेर पडतांना सदैव बरोबर बाळगावा, असा तेथील कायदाच आहे. पोलिसांसाठीं ११० व रुग्णवाहिकेसाठीं ११९ हे दूरध्वनिक्रमांक पाठ करून ठेवावे.

तिसरी गोष्ट आचाराची. घरांत शिरतांना जोडे काढावे, हें आपणांस शिकवावयास नकोच. सार्वजनिक स्नानगृहांत कुंडांत उतरण्यापूर्वीं बाहेर अंग स्वच्छ धुवावें. आगगाडींत दूरध्वनीवर बोलूं नये. रस्त्यावर कचऱ्याची पेटी क्वचितच आढळते, म्हणून एक पिशवी जवळ ठेवून कचरा घरीं आणावा. भोजनालयांत बक्षिशी देण्याची रीत नाहीं. भातांत काड्या उभ्या खोंवणें आणि काडीवरून काडीवर घांस देणें हे दोन्ही प्रकार तेथील अंत्यविधीचे असल्यामुळें पानावर ते अशुभ समजतात. आपल्याकडेही पानावर कांहीं गोष्टी अशुभ मानतात. तेव्हां यांतील मर्म आपणांस सहज उमगेल.

कित्येक वडील मंडळी 'या वयांत आमचा नेम मोडेल' या भीतीनें जाण्याचेंच टाळतात आणि नातवंडांचें बालपण दुरूनच ऐकतात. नेम सोडावा असें कोणीही म्हणत नाहीं. मात्र आपला नेम सांभाळण्याचा भार आपण स्वतः वाहावा. तो सुनेवर, जांवयावर किंवा परक्या यजमानावर टाकूं नये. अगोदर विचारलें, लिहून नेलें आणि तेथील रीत पाळली, तर नेमही राहतो व यजमानाचा मानही राहतो. जावें, नातवंडांस भेटावें आणि सुखरूप परत यावें.