कायदा पाळणे आणि कायदा तपासणे




अमेरिकेने परत पाठवलेल्या लोकांविषयी या पानावर गेले काही आठवडे पत्रे येत आहेत. बहुतेकांचा सूर एकच: कायदा मोडला ना, मग भोगा आता, अधिकाऱ्यांच्या अधीन राहा असे शास्त्रही सांगते. एका वाचकाने तर अमेरिकी लोकप्रतिनिधी प्रमिला जयपाल यांचे नाव घेऊन विचारले आहे, की ही बाई जन्माने आपली, पण भांडते परक्या घुसखोरांसाठी आणि ठराव आणते भारताविरुद्ध. आपण ख्रिस्ती लोकांनी तिचे कौतुक कशाला करायचे? प्रश्न रोखठोक आहे. उत्तरही नीट, तपशिलाने द्यायला हवे, म्हणून हे पत्र.

आधी बाई कोण ते पाहू. जयपाल यांचा जन्म २१ सप्टेंबर १९६५ चा, तेव्हाच्या मद्रासचा. लहानपण इंडोनेशिया आणि सिंगापूरमध्ये गेले. सोळाव्या वर्षी त्या एकट्याच शिकायला अमेरिकेत गेल्या. नागरिकत्व मिळाले २००० साली, म्हणजे सतरा-अठरा वर्षांनी. रांगेत उभे राहणे काय असते हे त्यांना कुणी शिकवायला नको. पुढच्याच वर्षी ११ सप्टेंबरचा हल्ला झाला आणि मुसलमान, अरब, शीख यांच्यावर रस्त्यात हात उगारले जाऊ लागले. तेव्हा त्यांनी सिॲटल शहरात ‘हेट फ्री झोन’ नावाची संस्था काढली. आज ती ‘वनअमेरिका’ या नावाने ओळखली जाते. या संस्थेने सरकारला कोर्टात खेचले आणि देशभरातल्या चार हजारांहून अधिक सोमाली लोकांची रवानगी थांबवली. २०१६ मध्ये त्या अमेरिकी प्रतिनिधीगृहात निवडून आल्या. तिथे पोहोचलेल्या त्या भारतीय वंशाच्या पहिल्या स्त्री.

आता २०१८ सालची गोष्ट. त्या एप्रिलमध्ये ट्रम्प सरकारने जाहीर केले, की सीमा बेकायदा ओलांडणाऱ्या प्रत्येक प्रौढावर फौजदारी खटला भरायचा. आईबाप कोठडीत गेले की मुले आपोआप वेगळी. त्या सरकारच्या चार वर्षांत अशी पाच हजारांहून अधिक मुले आईबापांपासून तोडली गेली. जूनमध्ये जयपाल सिॲटलजवळच्या तुरुंगात जाऊन आल्या. आश्रय मागायला आलेल्या शंभराहून अधिक स्त्रिया तिथे होत्या. आपली लेकरे कुठे आहेत हे त्यांतल्या कित्येक आयांना ठाऊक नव्हते. महिना संपता संपता, पाचशेहून अधिक स्त्रियांबरोबर सिनेटच्या हार्ट इमारतीत बसून निषेध करताना त्यांना अटक झाली. त्याआधीच, २० जूनला, राष्ट्राध्यक्षांना हुकूम काढून मुले तोडणे थांबवावे लागले होते आणि २६ जूनला सॅन दिएगोच्या न्यायालयाने मुले परत करण्याची मुदत घालून दिली होती.

हे सगळे चालू असतानाच, १४ जूनला, त्या वेळचे ॲटर्नी जनरल जेफ सेशन्स यांनी या धोरणाच्या समर्थनासाठी रोमकरांस पत्राचा तेरावा अध्याय पुढे केला. आपल्या पानावरच्या पत्रांतही तोच अध्याय आला आहे, म्हणून त्याकडे नीट पाहू.

पहिली गोष्ट, पोरे आईपासून तोडावीत असा कायदाच नव्हता. पहिल्यांदा सीमा चुकीच्या ठिकाणी ओलांडणे हा तिथे किरकोळ गुन्हा आहे. त्याला जास्तीत जास्त सहा महिन्यांची कैद. लेकरू काढून घेणे ही शिक्षा त्या कायद्यात लिहिलेली नाही. उलट कुठूनही आत आलेल्या माणसाला आश्रय मागता येतो, असे त्याच देशाचा कायदा सांगतो. म्हणजे कायद्याचे नाव घेऊन जे चालले होते, ते सरकारने निवडलेले धोरण होते. धोरण निवडता येते, तसे बदलताही येते. लोकप्रतिनिधी असतो तो ह्यासाठीच.

दुसरी गोष्ट, ज्या पौलाने तो अध्याय लिहिला त्याचेच चरित्र पाहा. प्रेषितांची कृत्ये, बाविसावा अध्याय: फटके मारायला बांधले तेव्हा पौलाने आपण रोमी नागरिक असल्याचे सांगितले आणि चौकशीशिवाय असे करता येते का, म्हणून शताधिपतीलाच विचारले. पंचविसाव्या अध्यायात तो कैसराकडे दाद मागतो. फिलिप्पैत तर चोरून-छपून सुटायला त्याने नकार दिला. ज्यांनी उघडपणे मारले त्यांनीच येऊन बाहेर काढावे, असा आग्रह धरला. अधिकाऱ्यांच्या अधीन राहा म्हणणारा माणूस अधिकाऱ्यांना त्यांचाच कायदा दाखवत होता. अधीन राहणे म्हणजे तोंड मिटून बसणे, असा अर्थ निदान पौलाने तरी घेतला नाही. आणि त्याच तेराव्या अध्यायात थोडे पुढे वाचले तर शेजाऱ्यावर प्रीती करण्यातच नियमशास्त्र पुरे होते, असे तो सांगतो. अर्धा अध्याय वाचून थांबणे बरे नव्हे.

त्या वेळी अमेरिकेतल्या मंडळ्याही गप्प बसल्या नाहीत. कॅथलिक बिशपांच्या परिषदेचे अध्यक्ष कार्डिनल डिनार्डो यांनी बाळांना आयांपासून तोडणे अनैतिक ठरवले. ट्रम्प यांचे समर्थक म्हणून ओळखले जाणारे फ्रँकलिन ग्रॅहम यांनाही ते लाजिरवाणे वाटले. म्हणजे हा प्रश्न डाव्या-उजव्यांचा उरला नव्हता.

आता रांगेचा मुद्दा. आपली मुले व्हिसा काढून जातात, वर्षानुवर्षे ग्रीन कार्डची वाट बघतात. मग भिंत ओलांडून येणाऱ्यांचा कैवार का घ्यायचा? ही तक्रार खरी आहे. नोकरीच्या आधारे मिळणाऱ्या ग्रीन कार्डांत कुठल्याही एका देशाला साधारण सात टक्क्यांहून जास्त वाटा मिळत नाही. त्यामुळे भारतीयांची रांग हलता हलत नाही आणि बापाचा नंबर येण्याआधीच मुलगी एकवीस वर्षांची होऊन बापाच्या अर्जातून बाहेर पडते. हा अन्यायच आहे.

पण ही रांग लागली कुठून ते विसरू नये. १९१७ च्या कायद्याने आपल्याला जवळजवळ दारच बंद होते. १९४६ नंतर भारतासाठी वर्षाला शंभर जागा ठेवल्या; अख्ख्या देशाला शंभर! दार खऱ्या अर्थाने उघडले ते ३ ऑक्टोबर १९६५ ला, जयपाल बारा दिवसांच्या असताना. तो कायदा सिनेटर फिलिप हार्ट आणि प्रतिनिधी इमॅन्युएल सेलर यांच्या नावाने ओळखला जातो. १९६४ चा नागरी हक्कांचा कायदा आणि १९६५ चा मतदान हक्काचा कायदा यांच्या पाठोपाठच तो आला. माणसाची किंमत वंशावरून ठरवायची नाही, हे काळ्या लोकांनी मार खाऊन, तुरुंगात जाऊन आधी मान्य करून घेतले. मगच वंशावरून ठरलेल्या कोट्यांचा निकाल लागला. आपले इंजिनिअर, नर्सेस, डॉक्टर त्या उघडलेल्या दारातून आत गेले. ज्या इमारतीत जयपाल यांना अटक झाली, तिला याच हार्ट यांचे नाव आहे.

आजचे उदाहरण घ्या. २० जानेवारी २०२५ ला नव्या सरकारने हुकूम काढला, की आई तात्पुरत्या व्हिसावर असेल आणि बाप नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक नसेल, तर तिथे जन्मलेल्या बाळाला नागरिकत्व नाही. हा फटका थेट एच-१बी वाल्या आपल्या घरांना. तीनच दिवसांत सिॲटलच्या फेडरल न्यायाधीशांनी तो रोखला आणि पुढे वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. न्यायाधीशांनी आधार कशाचा घेतला? १८६८ च्या चौदाव्या घटनादुरुस्तीचा. ती लिहिली गेली गुलामगिरीतून सुटलेल्या लोकांच्या लेकरांसाठी. सर्वांत दुबळ्या माणसासाठी बांधलेली भिंत दीडशे वर्षांनी बडोद्याच्या नातवाच्या पाळण्याआड उभी राहिली. हक्क असे असतात. ते शेजाऱ्याचे काढून घेतले, की आपले फार दिवस टिकत नाहीत.

याचा अर्थ जयपाल यांचे सगळेच बरोबर, असे मी म्हणत नाही. गर्भपाताबद्दल त्यांची जी मते आहेत ती मला पटत नाहीत आणि आपल्यातल्या पुष्कळांना पटणार नाहीत. देशाने आपली सीमा राखावी, कोण आत येतो ते ठरवावे, हा अधिकारही मी मानतो. कोठड्यांतली स्थिती सुधारावी म्हणून त्यांनी २०१७ पासून पुन्हा पुन्हा मांडलेले विधेयक अजून कायदा झालेले नाही. तेव्हा त्यांना यश किती, हाही प्रश्न रास्त आहे. मात्र सेलर यांचे उदाहरण आठवावे. १९२४ मध्ये वंशाच्या कोट्यांचा कायदा झाला तेव्हा ते नवखे सभासद होते आणि त्याविरुद्ध उभे राहिले. हरले. तो पाया मोडायला त्यांना १९६५ उजाडले, एकेचाळीस वर्षे.

भारताविरुद्धच्या ठरावाबद्दल. डिसेंबर २०१९ मध्ये जयपाल यांनी मांडलेला ठराव काश्मीरमधले फोन-इंटरनेट सुरू करावे आणि सर्वांचे धर्मस्वातंत्र्य जपावे, असे म्हणत होता. परराष्ट्रमंत्री जयशंकर यांनी त्या असलेल्या शिष्टमंडळाला भेटायचे टाळले. ठराव मंजूर झाला नाही. बाहेरच्यांनी आपल्या घरात बोलावे का, यावर मतभेद असू शकतात. पण जो माप स्वतःच्या सरकारला लावतो आणि तेच दुसऱ्याला लावतो, त्याला वैरी म्हणणे घाईचे होईल.

आता आपल्या दारचे. ५ फेब्रुवारी २०२५ ला अमृतसरला उतरलेल्या लष्करी विमानात १०४ जण होते. त्यांत ३३ गुजरातचे, तिघे महाराष्ट्रातले. हातापायांत बेड्या घालून आणलेली माणसे. त्याआधी जानेवारी २०२२ मध्ये आपल्याच राज्यातल्या डिंगुचा गावचे एक कुटुंब, दोन लेकरांसकट, कॅनडाच्या बर्फात सीमेजवळ गोठून गेले. एजंटांच्या नादी लागू नका, हे आपल्या तरुणांना मंडळीतून खडसावून सांगायलाच हवे. डंकीचा रस्ता पैसा खातो आणि जीवही. पण जो परत आला त्याच्याकडे पाहून हसणे हा त्याच कामाचा भाग नाही. कर्ज अंगावर, मान खाली. अशा घरी पाळकांनी आणि शेजाऱ्यांनी जाऊन बसावे.

आपण तरी कोण? आपले आजे-पणजे कुणी गायकवाडी नोकरीला, कुणी मिशनच्या शाळेत, दवाखान्यात म्हणून इथे आले. घरात मराठी, बाजारात गुजराती, रविवारी मराठी उपासना. आपल्याला कुणी परके म्हटले नाही, निदान बहुतेकांनी नाही, म्हणून आपण रुजलो. मोशेच्या नियमशास्त्राने इस्राएलाला उपऱ्यावर प्रीती करायला सांगितले, ते मिसरात तुम्हीही उपरी होता याची आठवण देऊन. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेत चर्च, शाळा, दवाखाने यांना असलेले संरक्षणही काढले गेले. उपासनेला येणाऱ्याला दारात पकडू नये म्हणून दोन डझनांहून अधिक ख्रिस्ती आणि यहुदी संघटना कोर्टात गेल्या. त्या मंडळ्यांसाठी या रविवारच्या मध्यस्थीच्या प्रार्थनेत जागा ठेवावी, आणि परतलेल्यांपैकी आपल्या वस्तीत कुणी असेल तर त्याच्यासाठी नाव घेऊन, एवढीच पाळकांना विनंती.

आपला,
एक नियमित वाचक, बडोदे