मतांचे आकडे आणि मतदाराचे भय

मतदारसंघाचा इतिहास बहुधा आकड्यांचा तक्ता म्हणूनच वाचला जातो. साहित्याचे अध्यापक या नात्याने आमचे म्हणणे असे की, तोही एक संहिता आहे. आणि ती कोणाच्या नजरेखाली लिहिली गेली, हे आधी विचारले पाहिजे.

वेल्समधील कार्डिगनशायर हा वेल्शभाषी शेतकरी कुळांचा परगणा. १८६८ साली तेथे मत उघडपणे, सर्वांसमक्ष द्यावे लागे. जमीनदार बहुतांशी अँग्लिकन आणि टोरी. कुळे मात्र चॅपलात जाणारी. लिबरल उमेदवार निवडून आला आणि त्याला मत देणाऱ्या अनेक कुळांना जमिनीवरून हुसकावण्यात आले. हेन्री रिचर्ड यांनी १८६९ साली हा प्रश्न संसदेत मांडला. १८७२ च्या कायद्याने मतदान गुप्त झाले.

कथा येथेच संपवण्याचा मोह होतो. परंतु गुप्त मतदानाच्या पहिल्याच सार्वत्रिक निवडणुकीत, १८७४ साली, याच परगण्यातून टोरी उमेदवार निवडून आला! पुढे १८८० पासून १९६६ पर्यंत मात्र ही जागा लिबरलांकडेच राहिली.

कायद्याने मत झाकले. पण १८७४ च्या पेटीत खरी पसंती किती पडली आणि उरलेला धाक किती, हे आकडा सांगत नाही. म्हणूनच पुढील शांत वर्षांतील मोठ्या विजयांपेक्षा १८६८ चा निकाल आम्हांस अधिक बोलका वाटतो. त्या मतांमागे घरदार पणाला लागले होते.