नुसतं मीठ-साखरेचं पाणी?

परवा भाच्याला जुलाब सुरू झाले. ताईने ओआरएसचं पाकीट फोडलं तर घरातले सगळे तिच्यावर तुटून पडले. "नुसतं मीठ-साखरेचं पाणी काय पाजतेस, सलाईन लाव!" सगळ्यात मोठा आवाज आमच्या बी. ई. झालेल्या दाजींचा. तेव्हा गप्प बसलो (जावई शेवटी!), तो राग आता इथे काढतोय.

माझा आक्षेप त्या 'नुसतं' या शब्दालाच आहे. आतड्याच्या पेशींचं आवरण चरबीचं. त्यातून सोडियम जात नाही, ग्लुकोजही नाही. त्यांना न्यायला आवरणात रुतलेली प्रथिनं लागतात. त्यातलंच एक एसजीएलटी-१. शाळेत आपल्याला अशा प्रथिनाला 'दार' म्हणायला शिकवलं. साफ चूक! दार उघडं टाकलं की कुणीही येतं-जातं. हे प्रथिन एका वेळी दोन्हीकडून उघडं नसतंच. आधी आतड्याच्या पोकळीकडे उघडतं, दोन सोडियम आयन बसतात, त्यांच्यामुळे ग्लुकोजची जागा तयार होते, मग ग्लुकोज बसतं. मग अख्खं प्रथिन आकार बदलतं. ती बाजू मिटते, पेशीच्या आतली उघडते. आपल्या भाषेत अँड गेट. (थोडं गळकं, पण अँड गेटच.) साखर चवीसाठी नाहीये हो!

आणि वीजपुरवठा? पेशीच्या मागच्या बाजूला सोडियम-पोटॅशियम पंप. एक एटीपी मोडून तीन सोडियम बाहेर, दोन पोटॅशियम आत. त्यामुळे पेशीत सोडियमचा कायम तुटवडा, म्हणून आतड्यातला सोडियम ग्लुकोजला घेऊन आत शिरतो. मागोमाग पाणी.

खरी गंमत पुढेच आहे. पटकीचं विष सीएफटीआर ही क्लोराइडची वाट उघडी पाडतं, म्हणून पाणी धो धो वाहतं. पण एसजीएलटी-१ चालूच राहतं! रॉबर्ट क्रेनने ही सोडियम-ग्लुकोजची जोडी १९६० साली प्रागमध्ये मांडली. १९७१ मध्ये बनगावला बांगलादेशी निर्वासितांमध्ये पटकी पसरली, सलाईन संपत आलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी हेच पाणी पिंपात कालवून वाटलं. मृत्यूचं प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्या खाली आलं. नुसतं पाणी म्हणे!

दुसरी जमात 'जरा जास्त साखर घाल, ताकद येईल' वाल्यांची. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००२ च्या सूत्रात लिटरमागे ७५ मिलिमोल सोडियम आणि ७५ मिलिमोल ग्लुकोज आहे. जास्तीची साखर आतड्यातच उरते आणि उलट पाणी बाहेर खेचते. गोड सरबताच्या खोक्यावर 'ओआरएस' छापणाऱ्यांना २०२५ मध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणाने चाप लावला. इतकी वर्षं काय झोपले होते का?

मूल गुंगीत असेल, पोटात काहीच ठरत नसेल तर सलाईन हवंच, सरळ दवाखाना गाठा. पण आमचा हिरो गाडी-गाडी खेळत होता. ताईने चमचा चमचा करत अख्खं पाकीट संपवलं.

दाजी, एक पाकीट तुमच्यासाठी बाजूला ठेवलंय.