शाल-श्रीफळानंतर काय?

दरवर्षी आपले मंडळ गुणवंतांचा सत्कार करते. शाल, श्रीफळ, टाळ्या, अल्पोपाहार. काही दिवसांनी तीच पदवीधर मुले आम्हा बँकवाल्यांच्या काउंटरवर येऊन विचारतात, "काका, पुढच्या शिक्षणाला कर्ज मिळेल? घर गहाण ठेवावे लागेल का?"

हे मंडळाने आधीच सांगायला नको होते का? नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेल्या पीएम विद्यालक्ष्मी योजनेत, ठरावीक दर्जेदार संस्थांत गुणवत्तेवर प्रवेश मिळाल्यास तारण वा जामीनदार लागत नाही. घरोघरी हे माहीत नाही, म्हणून मुले मिळेल त्या नोकरीला चिकटतात.

१९१३ साली सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर बाबासाहेब आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात गेले. त्याच बडोद्यातले आपण सत्काराच्या फोटोपाशीच थांबलो!

आमची सूचना साधी आहे. महिन्याच्या पहिल्या रविवारी मंडळाच्या सभागृहात दोन तास बसावे. निवृत्त प्राध्यापकांनी प्रवेशाचे, नोकरदारांनी मुलाखतीचे पाहावे. खर्च फक्त चहाचा. कर्जाचे कागद आम्ही बँकवाले सांभाळू. बाकीच्या सभासदांनी आपले नाव कार्यालयात नोंदवावे, ही विनंती.