नियम जाळं बघून लावा



"दर्यात म्हावराच नाय" हे देवगडपासून वेंगुर्ल्यापर्यंत कुठल्याही किनाऱ्यावर ऐकू येतं. हे नुसतं रडगाणं नाही. केंद्राच्या सीएमएफआरआय संस्थेच्या मोजणीनुसार राज्यात 2018 मध्ये 2.95 लाख टन मासळी मिळाली, 2019 मध्ये 2.01 लाख टन. 45 वर्षांतला नीचांक! त्या साली क्यार वादळाने होड्या बसवून ठेवल्या, हे खरं. पण वादळ चार दिवसांत जातं. बांगड्याचा थवा किनाऱ्याला लागायच्या आधीच उचलणारी जाळी कुठे जातात?

रापण किनाऱ्यावरून ओढतात. मासा जवळ आला तरच मिळतो, आणि मिळाला की दोरी ओढणाऱ्यांचे वाटे पडतात. गरीवाला एकेक मासा काढतो. पर्ससीन अख्खा थवा घेरून खालून जाळ्याचं तोंड आवळतं. एलईडीवाला तर उजेड दाखवून मासा बोलावूनच घेतो. या सगळ्यांना एकाच मापाने मोजणं याला न्याय म्हणत नाहीत.

कायदा नाही का? आहे की. डॉ. सोमवंशी समितीच्या अहवालानंतर 5 फेब्रुवारी 2016 च्या आदेशाने पर्ससीनचा हंगाम सप्टेंबर ते डिसेंबर एवढाच ठेवला आणि परवाने टप्प्याटप्प्याने 182 वर आणायचं ठरलं. एलईडीवर केंद्राने 2017 मध्येच बंदी घातली. 2021 मध्ये राज्याने दंड लाखांत नेले. जानेवारी 2025 पासून किनाऱ्यावर ड्रोनही फिरतात.

मग अडतं कुठे? बंदरात. बोट रात्री दर्यात गस्तीला चुकवेल, पण बर्फ, डिझेल आणि लिलावासाठी तिला धक्क्याला लागावंच लागतं. जनरेटर, लाईट, जाळं तिथे दिवसाढवळ्या दिसतं. तपासणी तिथेच करा ना!

आता आपल्याच माणसांना झोंबेल असं. मलपीच्या हायस्पीड ट्रॉलरना शिव्या देणं सोपं आहे, आणि त्या द्यायलाच हव्यात. पण नियम मोडणारी जाळी इथल्या मालकांचीही असतात, तेव्हा आपला आवाज खाली का येतो? आणि नोव्हेंबर 2023 मध्ये राज्याने 54 जातींच्या मासळीचं किमान आकारमान ठरवलं, ते रापण, गिलनेट, गरी सगळ्यांना लागू आहे. पापलेट राज्यमासा झाला म्हणून टाळ्या वाजवायच्या आणि बाजारात तळहाताएवढी पापलेटं स्वस्तात मिळाली म्हणून पिशवी भरायची, हे जमणार नाही. रापणीतली पिल्लं पाण्याच्या कडेला जिवंत असतानाच सोडा. आपण हे पाळलं, तरच मोठ्या जाळ्यावाल्यासमोर ताठ मानेने बोलता येईल.

म्हणून मागणी साधी आहे. कुठल्या बोटीवर कारवाई झाली, किती दंड लागला आणि किती वसूल झाला, हे दर महिन्याला प्रत्येक बंदरात फलकावर लावा. पुन्हा सापडला तर नुसता दंड नको, परवानाच रद्द करा. दंड हा धंद्याचा खर्च म्हणून भरणारे आहेत, हे सगळ्यांना ठाऊक आहे. आणि लहान मासळी लिलावात आली, तर विकणाऱ्याइतकंच घेणाऱ्यालाही विचारा.

मत्स्यव्यवसाय खातं आणि जिल्ह्याचं पालकमंत्रीपद, दोन्ही आज नितेश राणे यांच्याकडे, म्हणजे आपल्याच जिल्ह्यात आहे. फलक लावायला मुंबईची वाट बघायची गरज नाही. सुरुवात मालवण बंदरापासून करा.