दुःखालाही लय असते

फ्रेडरिक शोपँ याची ई मायनरमधील प्रिल्यूड (ओपस २८, क्रमांक ४) अवघ्या २५ बारांची आहे. बोटांना ती फारशी जड नाही. म्हणून पियानो शिकणाऱ्या मुलांच्या हाती ती लवकर पडते. तिच्याबरोबर एक उपदेशही येतो: ‘मायनर आहे, म्हणजे दुःखी, लार्गो लिहिले आहे, म्हणजे जितकी संथ तितकी चांगली.’ या उपदेशाला आमचा स्पष्ट विरोध आहे.

प्रथम लय पाहू. लार्गो म्हणजे संथ, हे आम्हांस मान्य आहे. परंतु शोपँने प्रत्येक बारात चार नव्हे, दोन दीर्घ मात्रांची खूण केली आहे. मेट्रोनोमचा आकडा त्याने दिलेला नाही; तेव्हा अमुकच गती हवी, असा हट्ट आम्हीही धरणार नाही. मात्र डाव्या हाताने काळ सांभाळावा आणि उजव्याने त्यावर मोकळे गावे, ही त्याची शिकवण त्याच्या शिष्यांनी नोंदवून ठेवली आहे. येथे डाव्या हातातील कॉर्ड पुन्हा पुन्हा वाजतात आणि त्यांतील एकेक स्वर अर्ध्या पायरीने खाली सरकत जातो. गती फार मंदावली की कानाला ही उतरण जोडता येत नाही. वाहत्या ओढ्याची डबकी होतात.

आता स्वरपट्टी. ई मायनर म्हटले की शोक, हे समीकरण कोणी मांडले? शोपँच्याच मृत्यूनंतर प्रसिद्ध झालेला एक वॉल्ट्झ याच पट्टीत आहे आणि तो चपळ, लखलखीत आहे. प्रिल्यूडमधील दुःख पट्टीत नाही, मांडणीत आहे. वरचा सूर बहुतांशी एका जागी उभा राहतो, शेजारच्या स्वराला स्पर्शून परत येतो. आणि त्याच्या पायाखालची जमीन सरकत असते.

भावाचेही तसेच. रचना हलक्या आवाजात सुरू होते. सोळाव्या बारापासून जेमतेम तीन बार आवेग उसळतो, मग ओसरतो. पुढे एक विराम आणि शेवटी तीन अतिमृदू कॉर्ड. पहिल्याच बारापासून जो हुंदके देतो, त्याच्यापाशी त्या आवेगासाठी काय उरणार?

‘भावनेला मोजमाप कसले?’ असे कोणी विचारील. त्यास आमचे उत्तर इतिहासातून आहे. ३० ऑक्टोबर १८४९ रोजी पॅरिसच्या मादलेन चर्चमध्ये शोपँचा अंत्यविधी झाला, तेव्हा हीच प्रिल्यूड ऑर्गनवर वाजविण्यात आली. ख्रिस्तसभेचा अंत्यविधी अश्रू नाकारीत नाही. पण त्यांना वाचन, प्रार्थना आणि मौन यांच्या क्रमातून पुढे नेतो. शोक तेथे वाट चुकत नाही. या २५ बारांतही तो चुकत नाही. चुकतो तो वाजविणारा.

म्हणून पालकांना व शिक्षकांना आमची आग्रहाची विनंती आहे. मुलाला ‘दुःखी हो’ असे सांगू नका. आधी बारात दोन मोजावयास शिकवा, मग केवळ डावा हात वाजवून घ्या. आणि अखेरच्या तीन कॉर्डपूर्वीचा विराम पूर्ण पाळू द्या. तोही शोपँनेच लिहिलेला आहे.