उपस्थात्याचा वाटा

गेल्या मासीं आम्ही आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याच्या भेटीस गेलों होतों. कड्यापासून त्याचें घर फार दूर नाहीं. हा सैन्यांत होता. नोकरीवर असतां पाठीच्या कण्यास दुखापत होऊन कमरेखालील अंग निकामी झालें, आणि शंभर टक्के अपंगत्व ठरून तो घरीं परतला. २०२२ सालीं नगर-आष्टी रेल्वे सुरू झाली. गाडीची शिटी त्याच्या खाटेपर्यंत ऐकूं येते. परंतु त्या गाडींत बसण्याचा योग त्यास अद्यापि आलेला नाहीं.

पाठीस व्रण पडूं नयेत म्हणून त्याची पत्नी त्यास रात्रंदिवस ठराविक वेळानें कुशीवर वळविते. सख्ख्या भावाच्या मुलाच्या मुंजीसही तिला जातां आलें नाहीं. घराबाहेर न पडणारें माणूस त्या घरांत एक नसून दोन आहेत, हें आमच्या तेव्हां ध्यानांत आलें.

बोलतां बोलतां आम्हीं सतत परिचर्या भत्त्याचा विषय काढला. तो तेथें कोणासच ठाऊक नव्हता. वडील म्हणाले, "गुरुजी, पेन्शन मिळतेच आहे. घरच्या माणसाच्या सेवेचे का पैसे घ्यावयाचे?" खरें सांगावयाचें तर, या भत्त्याविषयीं प्रथम वाचलें तेव्हां आमच्याही मनांत हेंच आलें होतें. इतक्यांत विद्यार्थी हळूच म्हणाला, "माझ्या पायांचे पैसे मिळतात, गुरुजी. हिच्या झोपेचे कोण देतो?" त्यावर आम्हांस उत्तर सुचलें नाहीं.

अपंगत्वाची पेन्शन शरीराच्या हानीबद्दल असते. हा भत्ता त्या हानीपायीं दुसऱ्या माणसाचे जे दिवस खर्ची पडतात त्यांबद्दल आहे. अपंगत्व शंभर टक्के असावें, आणि त्या मान्य अपंगत्वामुळेंच सतत परिचारक लागतो असें वैद्यकीय मंडळानें म्हणावें, या त्याच्या मुख्य अटी. सैनिक सरकारी रुग्णालयांत असेल तितके दिवस भत्ता मिळत नाहीं. कारण तेथें परिचर्येचा भार सरकारवरच असतो. १९९६ सालीं हा भत्ता दरमहा ६०० रुपये होता; १ जुलै २०१७ पासून तो ६७५० रुपये झाला, आणि महागाई भत्ता पन्नास टक्क्यांनीं वाढला म्हणजे यांत पंचवीस टक्के भर पडावी अशी तरतूद आहे. शिपाई असो वा सेनापति, दर एकच. हें आम्हांस फार योग्य वाटतें. कारण निजलेल्या माणसास कुशीवर वळविण्याचे श्रम हुद्दा पाहून कमी-अधिक होत नाहींत.

अमेरिकेंत याहून एक पाऊल पुढें टाकलें आहे. सैनिकी सेवेंत आलेल्या अपंगत्वामुळें जो कायमचा घरांत अडकतो, त्यास अडकल्याबद्दलच वाढीव भरपाई मिळूं शकते. नित्य परिचारक लागत असल्यास ती आणखी वाढते. आपल्याकडे खडकीस १९७४ सालीं अशा सैनिकांसाठीं पुनर्वसन केंद्र निघालें. तें काम मोठें आहे. परंतु पुष्कळांस आपल्याच घराची ओढ असते, आणि मग सारा भार घरावर येतो.

चरकाचार्यांनीं चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत : वैद्य, औषध, उपस्थाता व रोगी. उपस्थाता म्हणजे परिचारक. उपचाराचें ज्ञान, दक्षता, रोग्याविषयीं अनुराग व शुचिता हे त्याचे गुण. आपल्या घरांत अनुरागास तोटा नसतो. म्हणूनच तो गृहीत धरला जातो, आणि एकच माणूस वर्षानुवर्षें राबत राहतें. चौथ्या पादासाठीं तिसरा मोडूं देणें शहाणपणाचें नाहीं.

ज्या वाचकांच्या आप्तांत असा सैनिक असेल, त्यांनीं पेन्शनचा आदेश काढून त्यांत अपंगत्वाचा टक्का आणि परिचर्येचा उल्लेख पहावा. उल्लेख नसल्यास जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाचें साहाय्य घेऊन पलटणीच्या रेकॉर्ड ऑफिसकडे अर्ज करावा. आणखी एक विनंति. एकत्र कुटुंबांत सर्व प्राप्ति वडील माणसांच्या हातीं जाते, आणि ती रीत चांगलीच आहे. तथापि हा भत्ता घरखर्चांत मिसळूं नये. सेवा करणाऱ्याचा भार हलका करण्यासाठींच तो खर्च व्हावा.

अर्ज आम्हींच लिहून दिला. वडिलांनीं चष्मा लावून तो दोनदां वाचला आणि मुलापुढें सहीस धरला. आम्हीं विचारलें, "सूनबाई, भत्ता मिळाला तर काय करशील?"

"एक बाई ठेवीन," ती म्हणाली, "आणि दोन दिवस माहेरीं जाऊन येईन."

वडील क्षणभर थांबले. मग म्हणाले, "चार दिवस जा."